आत काहीतरी आहे

अठराशे रुपये, कव्हर फुकट.
कव्हरची चेन अर्ध्यावर अडकते,
पुढचं सुतळीनं बांधायचं, एवढं सांगून
शांतवन सदामत्यांच्या थोरल्या लेकीनं
गिटार माझ्या हातात दिली
आणि दार लावायला जरा वेळ घेतला.

मिरजेहून सांगलीला शेवटच्या एसटीत
मांडीवर आडवी घेऊन बसलो.
कंडक्टर म्हणाला, हिचं हाफ काढू का?
माझा हात खरंच खिशात गेला.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
पोत्यांची वजनं लिहितो मी. वय सेहेचाळीस.
शैला म्हणाली, बरं झालं, रमी नव्हे.
पहिल्याच आठवड्यात
गळ्याचं लाकूड माझ्या बोटांनी पिवळं पडलं.
ते आता निघायचं नाही.

पडद्यांमध्ये आधीपासून खळगे होते,
दुसऱ्या माणसाच्या बोटांच्या मापाचे.
सदामते मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर,
आठवडाभर गोळ्या मोजायचे
आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायचे.
काय वाजवायचे ते खळगे सांगतात:
जी, सी, डी,
फिरून जी.
पाचव्या पडद्यापुढं लाकूड कोरं.
एफला पहिल्या पडद्यावर बोट आडवं दाबावं लागतं,
तिथं ओरखडासुद्धा नाही.
मलाही एफ येत नाही.
न भेटलेल्या माणसाशी
इतकं पटावं म्हणजे काय.

तार ताणायला उलटी केली की
आत खुळखुळायचं.
एकदा भोकातून हलवून हलवून काढलं:
एक गोळी. पांढरी, मधोमध रेघ,
कडा झिजून गोल झालेल्या.
कशावरची, कुणाला विचारलं नाही.
ओट्यावर ठेवली. रात्रभर ती तिथं होती.
सकाळी कामाला जायच्या आधी
परत आत टाकली.

मे महिन्यात घोडीच उखडली.
सांगलीतल्या दुकानदारानं हातही लावला नाही,
म्हणाला, ह्या पैशात नवी येईल, काका.
मग पुन्हा मिरज. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत
निसारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
पोटावर टिचकी मारली, कान लावला.
गिटार मी करत न्हाई, म्हणाले,
पण लाकूड ते लाकूडच.
आत काय वाजतंय? काढू?
म्हटलं, राहू द्या.
त्यांनी वर पाहिलं, आणि राहू दिलं.

आठ दिवसांनी आणली.
घोडीवरचं हाड त्यांनी सवयीनं
तंबोऱ्यासारखं घासलं होतं, जरा कलतं.
आता सहावी तार छेडली
की सूर थांबत नाही, भुंग्यासारखा
खोलीत फिरत राहतो
आणि शैला आतून विचारते, मिक्सर कुणी लावला?
शेजारचा क्लासला जाणारा पोरगा, वेदांग,
म्हणतो, काका, बझ होतंय, सेटिंग करून घ्या.
त्याला म्हणालो, अरे, जवारी आहे ती.
मिरजेत राहून आलेली वस्तू
मिरजेसारखी बोलणारच की.

काल रात्री साडेनऊला फोन आला.
सदामत्यांची थोरली.
नंबर होता म्हणून केला, म्हणाली,
काम असं काही नाही.
पाऊसपाणी झालं, हळदीचा भाव झाला.
मग थांबली.
मग विचारलं,
आत अजून खुळखुळतं का हो?

म्हणाली, सात वर्षांची होते. ताप होता.
गोळी फार कडू. पप्पा पाणी आणायला वळले
आणि मी ती गिटारच्या पोटात टाकली.
नंतर त्यांनी मोजल्या असतीलच,
त्यांचं कामच ते.
पण कधी बोलले नाहीत,
कधी काढलीही नाही.
प्रार्थनेत सगळ्यांसमोर वाजायची
आणि मी खाली बघायचे.

मला बोलायला काही सुचेना.
वाजवून दाखवावं, तर तीनच कॉर्ड येतात,
आणि ते तिला माहीत आहेत.

गिटार भिंतीवरून उतरवली,
फोनजवळ नेली,
आणि हळूच
हलवली.